फादर नसताना चर्च कोण सांभाळतं? कॅटेकिस्ट नावाच्या माणसाचा इतिहास

१९ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी रोममध्ये सात जणांना संत घोषित केलं. त्यांतलं एक नाव होतं पीटर टो रोट. पापुआ न्यू गिनी या बेटांच्या देशाला मिळालेला हा पहिला संत. तो धर्मगुरू नव्हता, मठात राहणारा संन्यासीही नव्हता. बायको, मुलं, घर आणि बाग असलेला हा गावातला माणूस तेहतिसाव्या वर्षी दुसऱ्या महायुद्धात जपानी छावणीत मारला गेला. बातम्यांत त्याची ओळख ‘कॅटेकिस्ट’ अशी छापली होती आणि पुष्कळ वाचक तिथेच अडखळले असणार. ख्रिस्ती धर्म पसरला म्हणजे परदेशी फादर आले आणि त्यांनी तो पसरवला, हेच चित्र आपल्या डोक्यात असतं. त्या चित्रात पीटर टो रोटला जागा नसते.

मला हे चित्र अपुरं वाटतं. कॅथलिक मिशनांचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. फादर पोचण्याआधी, फादरांना हाकलून दिल्यावर आणि दोन भेटींच्या मधल्या लांबलचक महिन्यांत जो माणूस गावात उभा असतो, त्याच्यावर सगळी इमारत टिकलेली असते. त्याचं काम नेमकं काय, ते कुठून सुरू झालं आणि चर्चच्या कागदावर त्याला जागा मिळायला इतका उशीर का झाला, हे समजून घेऊ.

कॅटेकिस्ट म्हणजे नेमकं कोण?

धर्माची शिकवण देणारा प्रापंचिक माणूस म्हणजे कॅटेकिस्ट. प्रापंचिक म्हणजे धर्मगुरूपदाची दीक्षा न घेतलेला. मराठीत त्याला धर्मशिक्षक किंवा उपदेशक म्हणतात. नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये तो नुसता ‘मास्तर’ असायचा, कारण शाळा आणि प्रार्थना दोन्ही त्याच्याकडेच असत.

हे पद का लागतं, ते कळायला कॅथलिक श्रद्धेतल्या कामांची वाटणी माहीत हवी. या श्रद्धेत सात संस्कार आहेत आणि त्यांतले काही फक्त दीक्षित धर्मगुरूच देऊ शकतो. मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाची मुख्य उपासना, त्याच्याशिवाय होत नाही. पापनिवेदन ऐकून क्षमा देण्याचा अधिकारही त्याचाच. बाप्तिस्म्याचं तसं नाही. तो देणं एरवी धर्मगुरूचंच काम, पण माणूस मरणाच्या दारात असेल किंवा धर्मगुरू मिळणं शक्यच नसेल, तर कुणीही पाणी ओतून ठरलेले शब्द म्हटले तरी तो बाप्तिस्मा चर्च खरा मानतं. लग्नात वधूवर एकमेकांना तो संस्कार देतात आणि धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षीदार असतो. तो बराच काळ मिळणारच नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर झालेलं लग्नही चालतं, असा नियम आहे. उरलेल्या कामांना दीक्षा लागत नाही: प्रार्थना शिकवणं, रविवारी लोकांना जमवणं, आजाऱ्याजवळ बसणं, मृताला माती देणं, भांडणं मिटवणं, बाप्तिस्म्याला कोण तयार आहे आणि कोण नाही हे पारखणं.

आजच्या खेड्यातली आरोग्यव्यवस्था डोळ्यांसमोर आणा. शस्त्रक्रिया डॉक्टरच करणार, यावर वाद नाही. पण डॉक्टर तालुक्याला असतो. कोणत्या घरात बाळंतपण जवळ आलंय, कुणाच्या लेकराची लस राहिलीय, कोण दवाखान्यात यायला घाबरतंय, हे आशाताईला ठाऊक असतं. ती त्याच गावची, त्याच बोलीची. तिचं मानधन तुटपुंजं आणि अहवालाखाली सही दुसऱ्याची. कॅटेकिस्टची जागा हीच होती, मानधन आणि सही यांसकट.

फादर इतके कमी का असायचे?

धर्मगुरू घडायला वर्षं लागत. लॅटिन, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, शिवाय आजन्म ब्रह्मचर्य. युरोपातून निघालेल्यांपैकी कित्येक जहाजावरच मरत. जे पोचत, त्यांना भाषा येत नसे. भाषा येईपर्यंत एखाद्याची बदली होई, एखादा तापाने जाई.

फ्रान्सिस झेवियरचंच उदाहरण घेऊ. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे, ते हेच. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला उतरले आणि त्याच वर्षी तमिळ किनाऱ्यावर गेले. तिथल्या मोती काढणाऱ्या परवर समाजाने पाच-सहा वर्षांपूर्वी सामुदायिक बाप्तिस्मा घेतला होता. विरोधकांपासून पोर्तुगीजांचं संरक्षण हवं, हे त्यामागचं मोठं कारण होतं. बाप्तिस्मा देऊन धर्मगुरू परतले. मागे उरलेल्या हजारो लोकांना आपण ख्रिस्ती झालोय यापलीकडे काही सांगायला कुणी नव्हतं.

झेवियरना तमिळ येत नव्हतं. त्यांनी तुतिकोरीनला दोन्ही भाषा जाणणाऱ्या स्थानिकांना जमवून मुख्य प्रार्थना तमिळमध्ये उतरवून घेतल्या, पाठ केल्या आणि हातात घंटा घेऊन ते गावोगाव पोरं गोळा करू लागले. जानेवारी १५४४ च्या पत्रात त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. त्या पत्रातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र पुढचा आहे. एका गावात ते थोडेच दिवस राहत. निघताना प्रार्थनांची प्रत मागे ठेवत, ज्यांना लिहिता येतं त्यांनी ती उतरवून घ्यावी, पाठ करावी आणि सणाच्या दिवशी सगळ्यांनी जमून म्हणावी अशी व्यवस्था लावून देत, आणि हे बघायला गावातलाच एक माणूस नेमत. आजाऱ्यांकडे जायला वेळ पुरेना, तेव्हा प्रार्थना पाठ झालेल्या मुलांनाच ते घरोघरी पाठवत.

या नेमलेल्या माणसांना तिथे कणक्कपिळ्ळै म्हणत. गावाचा हिशेब ठेवणाऱ्याचं हे जुनंच पद होतं. त्याला लिहितावाचता येई, लोक त्याचं ऐकत आणि नोंदी कशा ठेवायच्या हे त्याला कुणी शिकवावं लागत नसे. त्यांच्या मानधनासाठी पोर्तुगीज गव्हर्नरने चार हजार सोन्याचे फनम (तिथली नाणी) मंजूर केले. जगभर गाजलेल्या या मिशनरी मोहिमेचं बारकाईने लिहिलेलं वर्णन वाचलं, की ती पगारी स्थानिक माणसांच्या जाळ्यावर उभी होती हे आपोआप दिसतं. झेवियर १५४५ मध्ये मलाक्केकडे निघून गेले. कणक्कपिळ्ळै तिथेच राहिले.

पुढच्या शतकात व्हिएतनाममध्ये आलेक्झांडर दे रोड या फ्रेंच जेझुइटाने, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातल्या धर्मगुरूने, हीच गोष्ट अधिक पद्धतशीर केली. १६३० मध्ये त्यांना उत्तर व्हिएतनाममधून हाकललं जाणार हे स्पष्ट झालं, तेव्हा त्यांनी निवडक तरुण कॅटेकिस्टांचं एक मंडळ उभं केलं. ते अविवाहित राहत, जे मिळेल ते एका सामायिक थैलीत टाकत आणि आपल्यातल्याच प्रमुखाचं ऐकत. त्यांना थोडी औषधविद्याही शिकवलेली होती. पुढे दक्षिणेत दे रोडबरोबर काम करणारा अँड्र्यू हा फू येन प्रांतातला विशीच्या आतबाहेरचा कॅटेकिस्ट २६ जुलै १६४४ रोजी मारला गेला.

आणि फादर मुळात आलेच नाहीत तर?

परदेशी फादर हाच कर्ता, हे गृहीत खरं असेल तर तो काढून घेतल्यावर सगळं कोसळायला हवं. इतिहासात हे अनेकदा घडून गेलंय, त्यामुळे तपासून बघता येतं.

कोरियात फादर पोचण्याआधीच चर्च सुरू झालं. बीजिंगला जाणाऱ्या कोरियन राजदूतांच्या सामानातून चिनी लिपीतली ख्रिस्ती पुस्तकं येत आणि काही तरुण कन्फ्यूशियन विद्वान ती वाचून त्यांवर चर्चा करत. १७८४ मध्ये त्यांच्यातल्या यी सुंग-हून याने बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेतला आणि परत येऊन मित्रांना दिला. त्यांनी उत्साहाच्या भरात आपल्यातूनच ‘धर्मगुरू’ निवडले आणि ते मिस्साही करू लागले. पुढे शंका आली, तेव्हा त्यांनी बीजिंगच्या बिशपला पत्र पाठवून विचारलं. हा अधिकार तुम्हाला नाही, असं उत्तर येताच त्यांनी ते थांबवलं. कोणताही परदेशी माणूस समोर उभा नसताना स्वतः प्रश्न विचारून, उत्तर आल्यावर स्वतःला आवर घालणारी ही माणसं होती.

१७९४ च्या अखेरीस झोऊ वेनमो हा चिनी धर्मगुरू लपूनछपून कोरियात शिरला. तोवर तिथे सुमारे चार हजार श्रद्धावंत होते. १८०१ च्या छळात तो मारला गेला. त्याच छळात चोंग याक-जोंग यालाही देहदंड झाला. विद्वानांच्या चिनी लिपीऐवजी सामान्य माणसाच्या कोरियन लिपीत धर्मशिक्षणाचं पहिलं पुस्तक त्यानेच लिहिलं होतं. त्यानंतर तीसहून अधिक वर्षं देशात एकही धर्मगुरू नव्हता. चोंगचा मुलगा हासांग धर्मगुरू मागायला पुन्हा पुन्हा बीजिंगला जात राहिला. राजदूतांच्या तांड्यात नोकर म्हणून शिरायचं आणि शेकडो कोस चालायचं. १८२५ मध्ये या लोकांनी थेट पोपलाच पत्र लिहिलं. १८३६ मध्ये पहिला फ्रेंच मिशनरी पोचला, तेव्हा त्याच्यासाठी वाट, घर आणि माणसं तयार होती. १८३९ मध्ये हासांगचाही शिरच्छेद झाला.

जपानची गोष्ट उलट्या बाजूची. १६१४ च्या बंदीनंतर धर्मगुरू हाकलले गेले, मारले गेले, आणि १६४४ नंतर देशात एकही उरला नाही. पुढची दोनशेहून अधिक वर्षं नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत लोकांनी हा धर्म गुप्तपणे जपला, तोही कामं वाटून घेऊन. एक जण सणवारांचं पंचांग सांभाळायचा, दुसरा बाप्तिस्मा द्यायचा, तिसरा वस्तीत निरोप पोचवायचा. या जबाबदाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेल्या. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये उराकामीहून काही शेतकरी आले. त्यांच्यातल्या एका बाईने फ्रेंच फादर पतिजाँ यांना हळूच सांगितलं, की आमचं आणि तुमचं हृदय एकच आहे, आणि मरियेची मूर्ती कुठे आहे असं विचारलं. मधल्या पिढ्यांत प्रार्थनांचे शब्द झिजले होते, काही समजुती बदलल्या होत्या, आणि पुढे सगळेच गट परत चर्चमध्ये आले असंही नाही. पण सात पिढ्या एकही फादर नसताना बाप्तिस्मा टिकला, हे पाहून रोम थक्क झालं.

या साखळीत गोव्याचाही एक दुवा आहे. डचांनी श्रीलंकेचा किनारा पोर्तुगीजांकडून जिंकला आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली. १६८७ मध्ये जोसेफ वाझ हे गोव्याचे धर्मगुरू मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले. पुढची चोवीस वर्षं त्यांनी त्या बेटावर काढली, बराच काळ एकट्याने. ते कसं जमलं, याचं उत्तर गावोगावच्या दोन माणसांत आहे: चर्चची व्यवस्था बघणारा मुप्पू आणि प्रार्थना शिकवणारा आणि लोकांकडून त्या म्हणवून घेणारा अण्णावी. वाझ येत, मिस्सा करत, पापनिवेदन ऐकत आणि रातोरात निघून जात. गावात राहून उद्या डच अधिकाऱ्याला तोंड द्यायचं ते अण्णावीने. वाझ यांना २०१५ मध्ये कोलंबोत संतपद मिळालं आणि गोव्याला त्याचा रास्त अभिमान आहे. त्या अभिमानात अण्णावींचाही वाटा धरायला हवा.

पीटर टो रोटने काय केलं?

आता सुरुवातीच्या नावाकडे. न्यू ब्रिटन बेटावर राबाउलजवळ राकुनाई गाव आहे. तिथल्या तोलाई जमातीच्या प्रमुखाच्या घरी १९१२ मध्ये पीटरचा जन्म झाला. मिशनरी या भागात येऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती आणि पीटरचे वडील पहिल्या पिढीतले कॅथलिक. मुलगा हुशार आहे, याला धर्मगुरू करू या, असं फादरांनी सुचवलं, तेव्हा वडिलांनी नकार दिला. आमच्या पिढीला हे अजून फार लवकर होईल, नातवंडांपैकी कुणी होईल, पण कॅटेकिस्ट करायचा असेल तर जरूर करा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९३० मध्ये पीटर तालिलिगापच्या कॅटेकिस्ट शाळेत गेला आणि तीनेक वर्षांनी गावी परतून शिकवू लागला. १९३६ मध्ये पाउला इआ वार्पित हिच्याशी त्याचं लग्न झालं.

जानेवारी १९४२ मध्ये जपानने राबाउल घेतलं. गोऱ्या मिशनऱ्यांना स्थानबद्ध केलं गेलं. जाताना फादरांनी गाव पीटरच्या हवाली केलं. त्यानंतरची तीन वर्षं तो काय करत होता, याची यादीच त्या पदाचा अर्थ सांगते. रविवारची प्रार्थना तो घेत होता, बाप्तिस्मे देत होता, लग्नांना साक्षी राहत होता आणि त्या सगळ्यांच्या नोंदी वहीत ठेवत होता. छावणीतल्या फादरांकडून पवित्र भाकर आणून आजाऱ्यांना देत होता. चर्चची इमारत पाडली गेली तेव्हा त्याने रानात झावळ्यांचं चर्च उभारलं. प्रार्थनेसाठी जमायला पूर्ण बंदी आली, तेव्हा तो लहान लहान गट करून लपून भेटू लागला.

त्याचा जीव गेला तो लग्नाच्या प्रश्नावरून. स्थानिक प्रमुखांची मर्जी राखायला जपान्यांनी अनेक बायका करण्याची जुनी प्रथा पुन्हा मोकळी केली. गावातले काही वजनदार पुरुष त्याने खूश झाले. पीटरने उघड विरोध केला. १९४५ मध्ये त्याला पकडून तुरुंगात टाकलं. जुलैमध्ये त्याने भेटायला आलेल्या आईला सांगितलं, की जपानी डॉक्टर औषध द्यायला येणार आहे, आणि मी तर आजारी नाही. त्या रात्री विषारी इंजेक्शन देऊन त्याला मारलं. काही आठवड्यांतच युद्ध संपलं. पत्नीच्या पोटात तेव्हा तिसरं मूल होतं.

परक्या सत्तेने त्याला मारलं हे खरं, पण त्याचा झगडा आपल्याच गावातल्या बलवान पुरुषांशीही होता. कॅटेकिस्टला ज्यांच्याविरुद्ध बोलायचं असतं, ते त्याचे शेजारी असतात. फादरला ही अडचण नसते.

हे तर परकीयांचे पगारी हस्तक नव्हते का?

हा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. गोव्यात सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली, हिंदूंवर जाचक कायदे लादले गेले, १५६० पासून धर्मन्यायालय बसलं. हजारो कुटुंबं गाव सोडून गेली. जिथे राजसत्ता धर्मगुरूच्या पाठीशी काठी घेऊन उभी होती, तिथे गावातला उपदेशक त्या सत्तेचाच भाग ठरतो. हे नाकारणं खोटेपणाचं होईल.

पण त्यावरून सगळ्यांना मोजता येत नाही. कोरियात, जपानमध्ये, डचांच्या श्रीलंकेत आणि राकुनाईत कॅटेकिस्ट सत्तेच्या विरुद्ध बाजूला होता. युगांडाचंही तसंच. १८८२ मध्ये फ्रेंच मिशनरी जीवाच्या भीतीने निघून गेले आणि १८८५ मध्ये परतले. मधल्या काळात तिथल्या बुगांडा राज्याच्या राजवाड्यातल्या नवख्या ख्रिस्ती तरुणांनी शिकवणं चालू ठेवलं आणि त्यांची संख्या वाढली. मे १८८६ मध्ये राजा म्वांगाने पकडायच्या आदल्या रात्री त्यांच्यातल्याच चार्ल्स ल्वांगाने आपल्या हाताखालच्या पोरांना स्वतः बाप्तिस्मा दिला. ३ जूनला त्याला जिवंत जाळलं. अशा ठिकाणी पगाराचा मुद्दा लागू होत नाही.

नगर जिल्ह्याची गोष्ट या दोन टोकांच्या मधली आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर केंदळ, वळण या बाजूला जर्मन जेझुइटांनी काम सुरू केलं आणि तिथून ते संगमनेर, राहात्याकडे पसरलं. त्यांच्याकडे आले ते बहुतेक महार आणि काही मांग समाजातले लोक. धान्य, शाळा, सावकार आणि पाटील यांच्यापुढे आपल्या बाजूने बोलणारं कुणीतरी, वेठबिगारीतून सुटका, अशी बरीच कारणं होती आणि श्रद्धा त्यांत मिसळलेली होती. पोट आणि श्रद्धा वेगळी करून दाखवा, असं आपण फक्त गरिबालाच सांगतो, हे मला अन्यायाचं वाटतं. ज्या मुलाला गावच्या शाळेत इतरांबरोबर बसू दिलं जात नव्हतं, त्याला पाटी-पेन्सिल देणारा मास्तर बहुधा त्याच्याच समाजातला होता. तो पत्र वाचून दाखवायचा, कचेरीसाठी अर्ज लिहून द्यायचा, रात्री कंदिलाच्या उजेडात प्रार्थना घ्यायचा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन फादरांना शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केलं आणि मायदेशी पाठवलं. खेड्यांतली प्रार्थना त्या वर्षांत बंद पडली नाही, कारण मास्तर जर्मन नव्हते.

सगळे कॅटेकिस्ट आदर्श होते असंही नाही. मिशनऱ्यांच्या पत्रांत त्यांच्याबद्दल तक्रारी सापडतात: अर्धवट ज्ञान, पैशांचे घोळ, पदाचा तोरा. तुटपुंज्या पगारावर, देखरेखीशिवाय आणि धड प्रशिक्षणाशिवाय एखाद्याला गावाचा सगळा भार द्यायचा आणि मग त्याच्या चुकांनी अचंबित व्हायचं, यात दोष फक्त त्याचा नसतो.

बायका कुठे होत्या?

होत्या, आणि कित्येक ठिकाणी काम त्यांच्याशिवाय होणारच नव्हतं. परक्या पुरुषाने घरात पाऊल टाकायचं नाही अशी रीत असलेल्या समाजात बाईला शिकवायला बाईच लागते. कोरियात झोऊ वेनमोने कांग वान-सुक या स्त्रीला कॅटेकिस्ट नेमलं. तिने त्याला सहा वर्षं आपल्या घरात लपवलं, कारण खानदानी बाईच्या घराची झडती सहसा घेत नसत. सगळा समाज तिच्या घरातून चालत होता. १८०१ मध्ये छळ करूनही तिने त्याचा ठावठिकाणा सांगितला नाही आणि तिला देहदंड झाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये सोलमध्ये १२४ कोरियन हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी दिली. त्यांत तीही होती. चीनच्या सिचुआन प्रांतात अठराव्या शतकात लग्न न करता घरीच राहणाऱ्या ख्रिस्ती स्त्रिया मुलींच्या शाळा चालवत आणि मरणासन्न बाळांना बाप्तिस्मा देत.

मग यांची नावं आपल्याला का माहीत नाहीत?

कारण पत्रं फादर लिहायचे. युरोपात ती छापली जायची, ती वाचून देणग्या यायच्या आणि तिथल्या वाचकाला आपल्या गावच्या मुलाचं शौर्य वाचायचं असायचं. त्यात ‘माझा कॅटेकिस्ट’ असा उल्लेख येतो, नाव क्वचितच. ज्यांची नावं उरली, ती बहुतेक मारले गेल्यामुळे. संतपदाच्या चौकशीसाठी साक्षी घेतल्या गेल्या आणि मग त्यांचं आयुष्य कागदावर आलं. चाळीस वर्षं इमाने शिकवून अंथरुणावर मेलेल्या कॅटेकिस्टसाठी अशी चौकशी कुणी बसवली नाही.

यांनाच धर्मगुरू का केलं नाही?

ब्रह्मचर्य आणि लॅटिनचं शिक्षण ही सांगितली जाणारी कारणं होती आणि ती खरीही होती. बहुतेक कॅटेकिस्ट विवाहित होते. पण त्यामागे अविश्वासही होता. गोव्याचे मातेउश द कास्त्रु यांना गोव्याच्या आर्चबिशपकडून दीक्षा मिळेना, म्हणून ते रोमला गेले, तिथे धर्मगुरू झाले आणि १६३७ मध्ये बिशपही. परत आल्यावर पोर्तुगीज वरिष्ठांनी त्यांना गोव्यात सुखाने काम करू दिलं नाही. शिकलेल्या, ब्रह्मचारी, उच्च जातीतून आलेल्या माणसाची ही गत, तर खेड्यातल्या उपदेशकाचा विचार कोण करणार?

अधिकृत मान्यता हळूहळू आली. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधल्या मिशनविषयक दस्तऐवजात कॅटेकिस्टांची जाहीर स्तुती झाली आणि त्यांना प्रशिक्षण व योग्य मोबदला द्यावा असं सांगितलं गेलं. १९८३ च्या धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्यात, त्यांच्यासाठी स्वतंत्र कलम आलं. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिस्ट हे प्रापंचिकांसाठीचं अधिकृत सेवापद ठरवलं, स्त्री आणि पुरुष दोघांसाठी. पूर्वी ही नेमणूक स्थानिक फादर किंवा बिशप आपल्या सोयीने करायचे. आता ती बिशपच्या हातून, ठरलेल्या विधीने आणि कायमची होऊ शकते. जगभरात सुमारे २८ लाख कॅटेकिस्ट आहेत आणि धर्मगुरू सुमारे ४ लाख. त्या २८ लाखांतले सगळे दुर्गम गावं सांभाळणारे नाहीत. शहरातल्या चर्चमध्ये रविवारी मुलांना शिकवणाऱ्या ताईसुद्धा त्यात मोजल्या जातात.

मिस्सेचा प्रश्न मात्र या सेवापदाने सुटलेला नाही. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात आजही अशा वस्त्या आहेत, जिथे कॅटेकिस्ट दर रविवारी लोकांना जमवतो आणि फादर कित्येक महिन्यांनी एकदा नदीतून येतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनविषयी रोममध्ये भरलेल्या सभेत बहुसंख्य बिशपांनी सुचवलं, की अशा भागांत समाजाने पारखलेल्या विवाहित पुरुषांना धर्मगुरूपदाची दीक्षा द्यावी. फेब्रुवारी २०२० च्या आपल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी ती शिफारस स्वीकारली नाही. ब्रह्मचर्याच्या परंपरेला धक्का लागेल, ही भीती मी समजू शकतो. पण मिस्सा हाच श्रद्धेचा केंद्रबिंदू आहे असं चर्च स्वतः शिकवतं, आणि त्या केंद्रापासून वर्षातले बहुतेक रविवार दूर राहणाऱ्या वस्तीला पुरेसे धर्मगुरू मिळतील याची चिन्हं तिथे दिसत नाहीत. त्या वस्त्यांत पुढच्या रविवारीही प्रार्थना कॅटेकिस्टच घेणार आहे, आणि मिस्सेसाठी लोकांना नावेची वाट बघावी लागणार आहे.